आईला घेऊन कोडाईकनालला जायचंय, घाट आणि गुडघे दोन्ही सांभाळून कसं जमेल? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आज पहिल्यांदाच विचारतोय, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

आम्ही सोलापूरचे, अशोक चौकाच्या मागं घर. आईनं तीसेक वर्षं विड्या वळल्या, दिवसभर मांडी घालून सूप पुढ्यात, त्यात गुडघ्यांचं व्हायचं ते झालं. आता सहासष्ट वय, बीपीची गोळी चालू आहे, सपाटीवर चालते पण पायऱ्या म्हटलं की आधी तोंडाकडं बघते. आमच्या लोखंडी कपाटाच्या आतल्या दारावर एक जुन्या कॅलेंडरचं चित्र आहे, कुठल्यातरी सूतवाल्यानं वडलांना दिलेलं, महिने कधीच फाटून गेले, वरचं चित्र तेवढं राहिलं. डोंगरात तळं, काठाला ओळीनं होड्या आणि खाली इंग्रजीत कोडाईकनाल. चिकटपट्टी पिवळी पडलीय, कोपऱ्यात आईनं पेन्सिलनं दुधाचा हिशोब लिहिलाय. मी लहानपणापासून समजत होतो की तिला ते लई आवडतं. परवा विचारलं तर म्हणाली, कपाटाला तिथं गंजून भोक पडलंय ते झाकायला लावलंय.

असो. तरी मला न्यायचंच आहे तिला. मे महिन्यात पोराला सुट्टी, इथं पारा ४३ च्या वर जातो, पत्र्याखाली बसवत नाही. पण तिला सांगितलं तर म्हणते, पाणी बघायला एवढ्या लांब? इथं नळ चार दिवसाआड येतोय तो आला की बघ की डोळे भरून!

खरी भीती वेगळीच आहे. तीन वर्षांपूर्वी महाबळेश्वरला नेलं होतं. पसरणी घाटात तिला उलट्या सुरू झाल्या त्या पाचगणी येईपर्यंत थांबल्या नाहीत, पुढं हॉटेलवाल्यानं फोनवर तळमजला म्हणून सांगितलेली खोली निघाली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि वेण्णा लेकला होडीसाठी एवढी लाईन की ती बिचारी बाकावर बसून मक्याचं कणीस खात राहिली आणि आमचा नंबर यायच्या आत अंधार पडला. तेव्हापासून डोंगर म्हटलं की एकच वाक्य, तुम्ही जावा, मी घर सांभाळते.

तर विचारायचं हे की सोलापूरहून ट्रेननं कसं जायचं, वरचा घाट पसरणीपेक्षा वाईट आहे का, राहायचं तळ्याजवळ की बाजारात, आणि न चढता-उतरता बघण्यासारखं तिथं काय आहे का नुसतंच ट्रेकवाल्यांचं गाव आहे. माणसं चार, मी, बायको, आई आणि आठ वर्षांचा पोरगा. बजेट बेताचं.

— पारा४४

---

कडकभाकरी:
दादा, मी सासूबाईंना घेऊन जाऊन आलेय, त्यांचे दोन्ही गुडघे बदललेले, त्यामुळे सांगू शकते.

घाट लांब आहे, खोटं कशाला बोलू. कोडाईकनाल रोड नावाचं स्टेशन खाली सपाटीला आहे, तिथून गाव ८० किलोमीटर, तीन तास धरून चाला. बत्तलगुंडूपर्यंत रस्ता सरळ, तिथून पुढं वळणंच वळणं. नुसतं नाव बघून स्टेशनवर उतरलं की पोचलो असं लोकांना वाटतं, तसं नाहीये. उलटीची गोळी निघायच्या अर्धा तास आधी द्या, घाट लागल्यावर देऊन उपयोग होत नाही. बीपीची गोळी चालू आहे तर डॉक्टरला आधी विचारून घ्या. आईंना पुढच्या सीटवर बसवा, पोटात थोडं कोरडं खाणं असू द्या, रिकाम्या पोटी जास्त मळमळतं. आणि ड्रायव्हरला सुरुवातीलाच सांगा की घाई नाही, आम्ही दोन ठिकाणी थांबणार.

थांबायला चांगली जागा म्हणजे गावाच्या साधारण आठ किलोमीटर अलीकडं सिल्व्हर कॅस्केड धबधबा, अगदी रस्त्याला लागून, पायरी चढायची गरज नाही. वरच्या तळ्याचं जादाचं पाणीच तिथून खाली पडतं. तोंडावर गार पाणी मारलं की माणूस ताजातवाना होतो.

तळं म्हणाल तर आईंसाठीच केल्यासारखं आहे. भोवती पाचेक किलोमीटरचा रस्ता आहे, जवळपास सपाट, पाहिजे तेवढं चालायचं आणि परत फिरायचं. पोरगा भाड्याची सायकल घेईल, घोडे पण असतात. ब्रायंट पार्क तळ्याला चिकटूनच आहे, मे मध्ये तिथं फुलांचं प्रदर्शन भरतं. कोकर्स वॉक म्हणून डोंगराच्या कडेनं किलोमीटरभर बांधलेली वाट आहे, थोडा चढउतार आहे पण कठडा धरून हळूहळू जमतं, सकाळी लवकर जावा, नंतर धुकं येऊन खालचं काहीच दिसत नाही. पिलर रॉक्सला पण गाडी जवळ जाते, चारशे फूट उंच दगडाचे तीन खांब समोर उभे, ढग बाजूला झाला तर. फक्त डॉल्फिन्स नोजच्या नादी लागू नका. उतार आहे, आणि उतरलेलं सगळं परत चढायचं असतं. सासूबाई वरच चहा पीत बसल्या, मी जाऊन आले आणि दोन दिवस मीच लंगडत होते.

---

विजापूररोडवाला:
कशाला बे एवढी उठाठेव. आपल्या इथल्या कंबर तलावाला न्या, कमळं पण हायत, घाट नाय, ई-पास नाय, रिक्षाला शंभर रुपये.

---

सूत_आणि_भूत:
वरच्याचं ऐकू नका, त्याला गारवा म्हणजे काय माहीत नाही 😄

मी सुताच्या कामानं दिंडीगुल-कोईमतूरकडं वर्षातून दोनतीनदा जातो. ट्रेनचं सांगतो. मुंबई-नागरकोविल गाडी आपल्या सोलापूरवरून जाते आणि दिंडीगुल-मदुराई करत पुढं जाते, कोडाईसाठी यातलं कुठलंही चालतं, दिंडीगुल जास्त सोयीचं. गाडी बदलायची नाही हा मोठा फायदा, पण प्रवास लांबलचक आहे, आईंना खालचा बर्थच घ्या. दुसरं म्हणजे उद्यान एक्सप्रेसनं बेंगलोर, दिवसभर कुणाकडं तरी टेकायचं आणि रात्रीची बस थेट कोडाईला. पण रात्रीच्या बसमधे झोपेत घाट लागतो आणि आईंना उलटीचा त्रास, मी तरी नाही सुचवणार. रिझर्व्हेशन साठ दिवस आधी उघडतं, मे ची सुट्टी म्हणजे पहिल्याच सकाळी बसा.

आता महत्त्वाचं. मे २०२४ पासून कोडाईला गाडीनं जायचं तर ई-पास लागतो, मद्रास हायकोर्टाचा आदेश आहे. ऑनलाईन फुकट मिळतो, पण २०२५ च्या उन्हाळ्यात कोर्टानं दिवसाला ४००० आणि शनिवार-रविवारी ६००० गाड्या अशी मर्यादा पण घातली होती, म्हणून आयत्या वेळी काढू म्हणू नका. टॅक्सी ठरवतानाच विचारा पास कोण काढणार. सरकारी बसनं गेलात तर हे झंझट नाही, पण गुडघ्यांचं बघा. दुसरं, पाच लिटरपेक्षा लहान प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटल्यांना वर बंदी आहे, नाक्यावर तपासतात. स्टीलची बाटली घ्या घरची.

ते तळं नैसर्गिक नाही बरं का. १८६३ मध्ये मदुराईचा कलेक्टर होता लेव्हिंज म्हणून, त्यानं बांध घालून करून घेतलं. आईंना सांगा, आपला सिद्धेश्वर तलाव पण माणसानंच खोदलेला आहे, म्हणजे ओळखीतलंच पाणी.

अजून एक. जमलं तर पूंबराई गावाकडं चक्कर मारा, डोंगराला पायऱ्यापायऱ्यांची शेतं, आणि तिथल्या लसणाला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेला आहे, आपल्या चादरीसारखा. आई लसूण बघून खूश होतील, तळं राहिलं बाजूला.

---

पारा४४:
सगळ्यांचे आभार, विजापूररोडवाल्याचे पण. कडकभाकरी ताई, राहायचं कुठं ते सांगाल का, आणि परतीला पळणीचं मुरुगनाचं देऊळ करावं का? पासष्ट किलोमीटर दिसतंय मॅपवर.

---

कडकभाकरी:
तळ्याच्या अगदी काठाची हॉटेलं मे मध्ये परवडायची नाहीत. बाजार आणि तळं यांच्यामधे उतार आहे, म्हणून खोली घेताना अंतर नका विचारू, रस्ता चढाचा आहे का विचारा. आणि तळमजला म्हटला तर खोलीच्या दारापासून रस्त्यापर्यंतचा व्हिडिओ मागवा. कोडाईत घरं उतारावर आहेत, रस्त्यावरून तळमजला दिसणाऱ्या खोलीला आतून वीस पायऱ्या उतराव्या लागतात, आम्ही फसलोय. रात्री थंडी असते, मे असला तरी स्वेटर आणि कानटोपी घ्या. सोलापूरच्या माणसाला विश्वास बसत नाही आणि मग तिथं दुप्पट भावानं शाल घेतो.

पळणीचं म्हणाल तर मुरुगन म्हणजे आपला कार्तिकस्वामी. आपल्याकडच्या जुन्या बायका त्याचं दर्शन टाळतात, कार्तिकी पौर्णिमेचा योग सोडला तर. माझ्या सासूबाई पायथ्यालाच अडून बसल्या होत्या. तिकडं असं काही नाही, बायका-पोरं सगळ्यांचा घरचा देव आहे तो, शेवटी एका तमिळ आज्जीनं खुणा करून करून त्यांना तयार केलं. वर ६९३ पायऱ्या आहेत पण विंच (रुळावरून दोरानं ओढत नेणारी गाडी) आणि रोपकार दोन्ही आहे. आधी आईंशी बोलून घ्या, तिथं जाऊन वाद नको. आणि तो पण घाटच आहे, गोळी विसरू नका.

---

पारा४४:
काल रात्री जेवताना विषय काढला. कार्तिकस्वामीला सरळ नाही म्हणाली, लसणाला हो म्हणाली, तळ्याचं काहीच बोलली नाही. पण सकाळी उठून बघतो तर कपाटातलं चित्र काढून टेबलावर ठेवलंय आणि पोराला विचारत होती, या होड्यांत चढताना पाय किती उचलायला लागतो रे. भोकाला आता रद्दीचा कागद लावलाय.

तर दोन शेवटचे प्रश्न. होडीत चढायला धक्का पाण्याच्या बरोबरीचा आहे का खाली उतरायला लागतं? आणि शेंगाचटणी तिनं तीन किलो कुटायला घेतलीय, ती सगळी प्लास्टिकच्या बरणीत भरणार म्हणते. बंदी पाण्याच्या बाटलीपुरती आहे का बरणी पण नाक्यावर काढून घेतील? स्टीलच्या डब्यात चटणीला वास लागतो म्हणते, ऐकत नाहीये.