देवीच्या रोग्यांना लंडनबाहेर नेले ते बरोबर होते का?

धागाकर्ता: १८७० साली लंडनच्या हॅम्पस्टेडमध्ये साथीच्या रोग्यांसाठी इस्पितळ निघाले. शेजारी कोर्टात गेले आणि १८८१ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचे ब्रिटनचे सर्वोच्च न्यायालय) त्यांच्या बाजूने निकाल दिला. १८८४ पासून देवीचे रोगी थेम्समध्ये शहरापासून १७ मैलांवर नांगरलेल्या तीन जहाजांवर जाऊ लागले. माझ्या मते हे योग्यच झाले. लंडनमधल्याच फुलहॅमच्या देवीच्या इस्पितळाभोवतीची घरे सरकारी वैद्यकीय निरीक्षक डॉ. पॉवर यांनी तपासली होती. घर जितके जवळ, तितकी देवी जास्त, म्हणजे रोग इस्पितळातून वाऱ्याने पसरत होता.

रानवारा: अजिबात पटत नाही. त्या इस्पितळात माणसांची, गाड्यांची सतत ये-जा असे. रोग वाऱ्यानेच गेला हे कशावरून? आणि हॅम्पस्टेडचा खटला भरणारे कोण? पेनी पोस्टवाले (एका पेनीत पत्र पाठवायची सोय आणणारे) सर रोलँड हिल आणि त्यांचे सधन शेजारी. तापाने फणफणलेल्या गरिबाला धक्क्यावरून बोटीत चढवून खाडीकडे न्यायचे, घरच्यांनी भेटायचे कसे?

धागाकर्ता: गरिबांना टाकून दिले असे म्हणू नका. त्या तीन जहाजांपैकी ‘कॅस्टेलिया’ पाहा. प्रवाशांना बोट लागू नये म्हणून दोन सांगाडे जोडून बांधलेले जहाज. त्याचे इंजिन काढून डेकवर पाच वॉर्ड बांधले, तेही तिरके, एकामागे एक सरकवून, म्हणजे प्रत्येकाला दोन्ही बाजूंनी वारा मिळावा. जमिनीवरच्या इस्पितळांतही दर खाटेला १४४ चौरस फूट जागा, समोरासमोर खिडक्या, संडास वॉर्डाबाहेर, मध्ये हवेशीर बोळ. आपल्या किती सरकारी वॉर्डांत आज एवढी जागा आहे?

गिरणगावकर: जागा मोजून विश्वास येत नाही हो. मुंबईचे आर्थर रोडचे साथरोग इस्पितळ (आताचे कस्तुरबा) त्याच काळातले. प्लेग आल्यावर ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने त्यावर हल्ला केला. माणसाला जबरदस्तीने उचलून नेतात, तो परत येत नाही, एवढेच लोकांना दिसत होते.

रानवारा: हेच म्हणतेय. लंडनमध्येही आधी साथीच्या सरकारी इस्पितळात गेले की माणूस धर्मादायावर जगणारा ठरून मताचा हक्क गमावू शकत असे. १८८३ च्या कायद्याने ते थांबले, १८९१ मध्ये उपचार सर्वांना मोफत झाले. रोग लपवणे कमी करायचे तर हे कायदे खिडक्यांपेक्षा मोलाचे.

धागाकर्ता: कायदे हवेतच, मान्य. पण देवीचा वॉर्ड भर वस्तीत ठेवायला माझा आजही विरोध राहील.