नवा ब्राउझर, फुकट सॉफ्टवेअर आणि हिशेबाचा पीसी (सोसायटी ग्रुप, रत्नागिरी)

ए-१०४: घरच्या पीसीवर क्रोम फार जड चालतोय. ब्रेव्ह, व्हिवाल्डी, फायरफॉक्स वापरून बघायचे आहेत. शिवाय पीडीएफ जोडायचं एक फुकट सॉफ्टवेअर कुणीतरी फॉरवर्ड केलंय. पण सोसायटीचा हिशेब आणि बँक याच मशीनवर. विंडोज ११ होम, ८ जीबी रॅम. काही न बिघडवता कसं करू?

बी-३०२: काका, ही दोन वेगळी कामं आहेत. नावाजलेला ब्राउझर मूळ साइटवरून घेतला तर भीती फारशी नाही. फॉरवर्ड होऊन आलेली फाइल मात्र हिशेबाच्या विंडोजवर उघडू नका.

आधी ब्राउझर. गुगलमध्ये सगळ्यात वर जाहिरात असते, तिच्यावर क्लिक नको. नवा ब्राउझर सुरुवातीला जुन्यातले पासवर्ड आणू का विचारतो, तिथे 'नको'. डिफॉल्ट करू का, तिथेही 'नको'. अनइन्स्टॉल करताना 'ब्राउझिंग डेटाही काढा' असा चौकोन दिसला तर त्यावर टिक करा, नाहीतर प्रोफाइलचं फोल्डर मागे राहतं.

आणि ब्रेव्ह, व्हिवाल्डी, एज, ऑपेरा हे सगळे क्रोमियमवरच, म्हणजे क्रोमच्याच मूळ सांगाड्यावर, बांधलेले. इंजिन वेगळं आहे ते फायरफॉक्सचं, गेको. एका वेळी एकच ब्राउझर चालू ठेवा, प्रत्येकात त्याच पाच साइट उघडा, एक्स्टेन्शन एकही नको, आणि टास्क मॅनेजरमध्ये मेमरी बघा. त्याआधी क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. कुठला टॅब, कुठलं एक्स्टेन्शन किती मेमरी खातंय ते ओळीने दिसतं. पुष्कळदा दुखणं तिथेच सापडतं.

सी-२०१: फॉरवर्डची फाइल इनकॉग्निटोमध्ये डाउनलोड केली तर चालेल ना?

बी-३०२: नाही ताई. इनकॉग्निटो फक्त हिस्ट्री आणि कुकी ठेवत नाही. डाउनलोड झालेली फाइल डिस्कवर राहतेच, आणि उघडली की नेहमीच्याच अधिकारांनी चालते.

ए-१०४: मग विंडोज सँडबॉक्स, ती अनोळखी फाइल वेगळी उघडून बघायची तात्पुरती खिडकी?

बी-३०२: ते होममध्ये मिळत नाही, प्रो लागतं. होमवर व्हर्च्युअलबॉक्स टाका, ते पीसीच्या आत दुसरा बनावट पीसी, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, चालवतं, आणि फुकट आहे. आधी टास्क मॅनेजर, परफॉर्मन्स, सीपीयू इथे 'व्हर्च्युअलायझेशन' एनेबल्ड आहे का बघा. नसेल तर बायॉसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये) चालू करावं लागेल, एएमडीवर त्याला एसव्हीएम म्हणतात. बायॉसला हात लावायच्या आधी बिटलॉकरची (डिस्कच्या कुलपाची) रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. तिथे बदल केला की विंडोज कधीकधी ती मागतं, आणि की नसेल तर डिस्क उघडत नाही.

त्या बनावट पीसीत टाकायला मायक्रोसॉफ्टची ९० दिवसांची विंडोज एंटरप्राइझ चाचणी आवृत्ती फुकट मिळते. तिला किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी डिस्क लागते, म्हणजे तुमच्या ८ मधली निम्मी रॅम गेली. बाकी सगळं बंद करूनच चालवा. खिडकीत खाली हिरवं कासव दिसलं तर विंडोजचं स्वतःचं व्हर्च्युअल मशीन चालवणारं हायपर-व्ही आड येतंय. चालेल, पण रांगत.

विंडोज बसलं की लगेच स्नॅपशॉट (त्या क्षणाची नोंद, जिथे नंतर परत जाता येतं) घ्या, मग फाइल आत न्या आणि आतल्या-बाहेरच्या विंडोजमधला शेअर्ड फोल्डर बंद करा. तो लिहिण्यासाठी उघडा राहिला तर आतला रॅन्समवेअर, म्हणजे खंडणी मागणारा व्हायरस, बाहेरच्या फायलीही कुलूपबंद करील. फाइल उघडण्याआधी नेटवर्कही तोडा, कारण आतून तुमच्या वायफायवरची बाकीची उपकरणं दिसू शकतात. बघून झालं की स्नॅपशॉटवर परत.

डी-१०२: एवढा खटाटोप कशाला? रिस्टोर पॉइंट घेतला की पुरे.

बी-३०२: रिस्टोर पॉइंट ड्रायव्हर, रजिस्ट्री, सिस्टीमच्या फायली मागे नेतो. तुमची एक्सेलची वही तो परत आणत नाही, आणि चोरीला गेलेला पासवर्ड तर नाहीच. तो ड्रायव्हर बिघडल्यावर कामाचा. हिशेबाची प्रत पेनड्राइव्हवर घ्या आणि पेनड्राइव्ह काढून ठेवा.

सी-२०१: पावसात लाइट झपझपते तेव्हा काय होईल?

डी-१०२: इन्व्हर्टरच्या मागचा स्विच यूपीएस मोडवर ठेवा. साध्या मोडमध्ये बॅटरीवर जायला वेळ लागतो, तेवढ्यात डेस्कटॉप रीस्टार्ट होतो. व्हर्च्युअल मशीन लिहीत असताना तसं झालं तर डिस्कची फाइल खराब होऊ शकते.

ए-१०४: आणि फाइल बरी की वाईट, हे आधी नाही कळत?

बी-३०२: थोडंफार. व्हायरसटोटल या साइटवर टाका, ती ७० च्या आसपास अँटिव्हायरसकडून तपासून मिळते. पण तिथे टाकलेली फाइल इतरांपर्यंत पोचू शकते, म्हणून सोसायटीचे कागद कधीच चढवू नका. प्रॉपर्टीजमध्ये डिजिटल सिग्नेचर्सचा टॅब आहे का, सही कुणाची, तेही बघा. दोन्ही ठीक आलं तरी खात्री नाही. अगदी नवा व्हायरस कुणीच ओळखत नाही.

खरं सांगू काका? तुम्हाला पीडीएफ फक्त जोडायच्या आहेत. पीडीएफसॅम बेसिक फुकट आहे, सोर्स खुला आहे, आणि नेट नसलं तरी चालतं. त्यांच्या साइटवरून ते घ्या आणि फॉरवर्ड उडवा.

ए-१०४: उडवला. क्रोममध्ये बघितलं, एक कूपनवालं एक्स्टेन्शन सगळ्यात वर आहे. तेही काढतो.