मदत हवी आहे: इंदूर–धुळे–नाशिक प्रवास आणि डीसी फास्ट चार्जिंग

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे नुकतीच एमजीची विंडसर ही इलेक्ट्रिक गाडी आली आहे, ३८ युनिट बॅटरीची. घरी, सुदामानगरला, रात्री पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर लावून ठेवतो, त्यामुळे शहरात काहीच अडत नाही. पण दिवाळीनंतर सासू-सासऱ्यांना घेऊन नाशिकला नणंदेकडे जायचं आहे. सासऱ्यांना मधुमेह आहे, जेवणाची वेळ टळून चालत नाही. तेव्हा 'वाटेत मिळेल कुठेतरी' अशा भरवशावर मला निघायचं नाही. म्हणून आधी बायपासवरच्या एका पेट्रोल पंपावर फास्ट चार्जिंग करून बघितलं, आणि त्यातून हे प्रश्न निघाले.

यंत्रावर ६० किलोवॉट लिहिलेलं, गन (केबलच्या टोकाचा, गाडीत लावायचा प्लग) दोन. आमची गाडी डीसीवर, म्हणजे या फास्ट चार्जिंगवर, जास्तीत जास्त ४५ किलोवॉट घेते हे माहीत होतं. २२ टक्क्यांवर लावली. गन हातात घेतल्यावर कळतं की केवढी जड आहे ती! आत खट्ट असा आवाज आला, पडद्यावर 'तयारी सुरू' असं दिसलं आणि मिनिटभराने सगळं बंद. पंपावरचा मुलगा आला, त्याने गन खालून तळहाताने वर दाबून धरली, पुन्हा खट्ट झालं आणि चार्जिंग सुरू. ४२ किलोवॉट दिसत होते. थोड्या वेळाने एक टॅक्सी येऊन दुसऱ्या गनला लागली आणि आमचा आकडा थेट २९ वर आला. वाटून घेत असतील, तेवढं समजलं. पण टॅक्सी निघून गेल्यावरही २९ चे २९च. हे असंच असतं का? प्रवासात असं झालं तर अर्ध्या तासाचा पाऊण तास होतो, आणि मला नेमकी त्याच वेळेची काळजी आहे.

दुसरं बिलाचं. ८० टक्क्यांना थांबवलं. ५८ टक्के म्हणजे हिशेबाने २२ युनिट. अ‍ॅपवर मात्र २४.३ युनिट लागले, वर १८ टक्के जीएसटी. वरची दोन-सव्वादोन युनिटं गेली कुठे? सासूबाई गाडीत बसल्या होत्या, एसी चालू होता. तेवढ्याने इतका फरक पडतो?

आणि सगळ्यात महत्त्वाचं, रस्ता. महामार्गावर शंभरच्या आत चालवली तर २४० किलोमीटर धरून चालायला हरकत नाही असं आत्तापर्यंत दिसतंय. धुळंच अडीचशेच्या पुढे आहे. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांत महामार्गावर ठरावीक अंतराने दोन्ही बाजूंना चार्जिंगची सोय असावी असं आहे, पण अ‍ॅपवर हिरवा दिसणारा ठिपका तिथे पोचल्यावर खरंच चालू असेल का, हे कसं ओळखायचं? शिवाय परतताना बिजासन घाट आणि नंतर मानपूरकडचा चढ. भरल्या गाडीला घाटात किती बॅटरी लागते, याचा कोणाला प्रत्यक्ष अनुभव असेल तर कृपया लिहा.

प्रतिसाद (वडोद्याहून)

ताई, तुमची गाडी ठणठणीत आहे. ६० ची दोन-गनवाली बरीच यंत्रं आतून ३०-३० च्या दोन भागांची असतात. एकच गाडी असली की दोन्ही भाग तिला मिळतात, दुसरी लागली की एक भाग तिकडे जातो. काही यंत्रं तो भाग आपोआप परत देतात, काही चालू सत्रात देत नाहीत. अशा वेळी चार्जिंग थांबवून पुन्हा सुरू करा, बहुतेक वेळा वेग परत मिळतो. शक्य असेल तर दुसरी गन रिकामी असलेलं ठिकाण निवडा.

गन वर दाबून धरायची युक्ती लक्षात ठेवा. खालच्या दोन जाड पिनांतून वीज जाते, पण गाडी आणि यंत्राचं बोलणं वरच्या भागातल्या बारीक पिनांवर चालतं. केबलच्या वजनाने गन खाली ओढली गेली की तो संपर्क तुटतो आणि यंत्र सुरक्षेसाठी बंद होतं. लॉक बसेपर्यंत आधार द्यायचा. काढताना आधी किल्लीने गाडी अनलॉक करायची, नुसती ओढाओढ करायची नाही.

बिलाचं म्हणाल तर यंत्र गनमधून बाहेर पडलेली वीज मोजतं. त्यातून एसी चालतो, बॅटरी थंड ठेवणारी यंत्रणा चालते, आणि बॅटरी भरताना थोडी वीज उष्णतेत जातेच. पाऊण तास एसी म्हणजे पाऊण ते एक युनिट सहज. तुमचा फरक मला वावगा वाटत नाही.

८० ला थांबलात ते बरोबर. त्यापुढे वेग झपाट्याने उतरतो, तेवढ्या वेळात पुढचं गाव येतं. मात्र तुमची बॅटरी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची आहे, तिचा व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट राहतो, त्यामुळे टक्क्यांचा अंदाज हळूहळू चुकायला लागतो. घरच्या संथ चार्जिंगवर अधूनमधून पूर्ण १०० करत जा. निघायच्या आदल्या रात्री तर कराच.

प्रतिसाद (इंदूर, रामबाग)

सूनबाई, घाटाला घाबरू नका. खलघाटला नर्मदा साधारण दीडशे मीटर उंचीवर, इंदूर साडेपाचशेवर. चारशे मीटरचा चढ म्हणजे चार माणसं बसलेल्या गाडीला वरखर्च जेमतेम अडीच युनिट, तुमच्या बॅटरीचे सहा-सात टक्के. बिजासनचा हिशेबही उंचीच्या फरकावरून असाच काढता येतो. जाताना दोन्ही घाट उताराचे, त्यात थोडं परतच मिळतं. म्हणून जाताना जे टक्के उरतील तेच परतताना उरतील असं धरू नका, एवढंच.

मी असतो तर जेवण सेंधव्याच्या आसपास ठेवलं असतं. दीडशे किलोमीटर होतात, बॅटरी पस्तीस-चाळीसवर येते, जेवण होईस्तोवर ८० होते. दुसरा थांबा धुळे किंवा मालेगाव. दोन्ही ठिकाणी गन बंद निघाली तर पुढच्या पर्यायापर्यंत पोचता येईल इतकी बॅटरी, म्हणजे किमान २० टक्के, हाताशी ठेवून थांबायचं.

हिरव्या ठिपक्यावर जाऊ नका. प्लगशेअर या चार्जिंगची ठिकाणं दाखवणाऱ्या अ‍ॅपवर लोक तारखेसकट लिहितात, या आठवड्यात कोणी चार्ज केलंय का ते बघा आणि निघण्याआधी त्या पंपावर किंवा हॉटेलात फोन लावा. 'साहेब, लाईट आहे का, मशीन चालू आहे का' इतकंच विचारायचं. दोन-तीन कंपन्यांच्या अ‍ॅपमध्ये घरूनच थोडे पैसे भरून ठेवा. घाटात रेंज गेली की पैसे भरत बसणं अवघड होतं.

मूळ लेखिका

काका, दादा, मनापासून आभार. घाटाचा हिशेब सासऱ्यांना वाचून दाखवला, ते आता जास्त निश्चिंत आहेत. जेवण सेंधव्याला पक्कं करते, त्यांची साडेबाराची वेळ धरून सकाळी नऊला निघू. थांबून पुन्हा सुरू करायचा प्रयोग याच पंपावर या रविवारी करून बघते.

एक राहिलं: सेंधवा ते शिरपूर या पट्ट्यात गेल्या महिन्याभरात कोणी चार्जिंग केलं असेल, तर ठिकाण, गन किती आणि तिथे ज्येष्ठांना बसायला सावलीत जागा व स्वच्छतागृह आहे का, एवढं जरूर सांगा.