‘एदुकासिओन’: शिक्षण की वळण?

प्रश्न

कॅलिफोर्नियातील मेक्सिकन स्थलांतरित कुटुंबांवरील एका लेखाचा मी मराठीत अनुवाद करीत आहे. त्यात एक आई आपल्या सहा वर्षांच्या मुलाविषयी स्पॅनिशमध्ये म्हणते, ‘एस मुय बिएन एदुकादो’. शब्दकोश पाहून मी ‘तो सुशिक्षित आहे’ असे लिहिले, पण पहिलीतल्या मुलाला सुशिक्षित म्हणणे लिहितानाच खटकले. पुढे ‘एदुकासिओन’ हा शब्द वारंवार येतो. त्याला सरसकट ‘शिक्षण’ म्हणावे का?

उत्तर

सरसकट म्हणू नये. तुम्हाला खटकले ते योग्यच आहे. ‘बिएन एदुकादो’ म्हणजे चांगल्या वळणाचा, आणि ‘माल एदुकादो’ म्हणजे ज्याला घरी वळण लावलेले नाही असा. लॅटिनमधील ‘एदुकारे’चा अर्थ वाढवणे, जोपासणे असा होता आणि स्पॅनिशने तो आजवर जिवंत ठेवला आहे. शाळा-कॉलेजात घेतलेल्या शिक्षणासाठी ‘एस्तुदिओस’ हा वेगळा शब्द आहे, तर भरपूर शिकलेल्या माणसाला मेक्सिकोत ‘प्रेपारादो’ म्हणतात. त्यामुळे एखादा माणूस ‘प्रेपारादो’ असूनही ‘माल एदुकादो’ असू शकतो, आणि तिसरीत शाळा सुटलेली आजी घरातली सर्वांत ‘एदुकादा’ व्यक्ती ठरू शकते.

हा भेद किती खोल आहे, हे मी कॅलिफोर्नियातील एका प्राथमिक शाळेत पालकसभांना दुभाष्याचे काम करताना पाहिले. शिक्षिकेने वाचनाच्या पातळीचा तक्ता टेबलावर पसरला होता आणि मुलगी इयत्तेच्या मानाने कुठे मागे आहे, हे त्या बोट ठेवून दाखवत होत्या. आईने तक्त्याकडे पाहिले, मान हलवली आणि पहिला प्रश्न विचारला, ‘कोमो से पोर्ता?’, म्हणजे ‘वागते कशी?’. मी त्याचे शब्दशः भाषांतर केले. शिक्षिकेचा चेहरा किंचित उतरला, कारण या बाईंना मुलीच्या अभ्यासाची काळजी नाही, असा त्यांचा समज झाला. वास्तविक त्या आईने तिच्या दृष्टीने शिक्षणाबद्दलचाच मूळ प्रश्न विचारला होता, कारण वळण नीट असेल तर अभ्यास होईलच, हा तिचा विश्वास होता. तो एक प्रश्न नीट पोहोचवता न आल्याची खंत मला अजूनही आहे.

‘संस्कार’ हा शब्दही सुचू शकेल, पण मी तो टाळीन. त्याला मुंज-विवाहादी सोळा संस्कारांचा धार्मिक वास आहे. ‘वळण’ मात्र घरगुती आहे, अक्षरालाही लागते आणि मुलालाही, आणि ते रोजच्या सवयीने लागते. (हिंदीतील ‘शिक्षा’ इथे डोकावू देऊ नये, कारण मराठीत तिचा अर्थ दंड असा होतो.)

तुमचा लेख भाषेविषयीही असेल, तर आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. या वळणाचा मोठा भाग स्पॅनिश भाषेतच वसलेला आहे. अनेक मेक्सिकन घरांत आजी-आजोबांना ‘तू’ न म्हणता ‘उस्तेद’ म्हणजे ‘आपण’ म्हणतात, आणि खोलीत शिरताच प्रत्येक वडीलधाऱ्याला वेगळा नमस्कार करतात. 1998 साली कॅलिफोर्नियातील मतदारांनी प्रस्ताव 227 मंजूर केल्यावर इंग्रजी न येणाऱ्या मुलांना जवळपास संपूर्ण अध्यापन इंग्रजीतून देण्याचे बंधन आले आणि 2016 च्या प्रस्ताव 58 पर्यंत ते टिकले. त्या काळात शाळेत गेलेल्या बहुतेक मुलांची स्पॅनिश घरापुरती उरली. ‘मला माहीत नाही’ यासाठी ‘नो से’ऐवजी ‘नो साबो’ म्हणणाऱ्या मुलांना ‘नो साबो’ असेच हिणवले जाते. ही चूक आपल्याकडचे लहान मूल ‘केलं’ऐवजी ‘करलं’ म्हणते तशी आहे, नियम लावण्यातून आलेली. मेक्सिकोतली लहान मुलेही ती करतात. मोठे होताना भाषेचा सराव मिळाला की ती आपोआप सुटते. ज्यांना तो मिळाला नाही, त्यांच्या तोंडी ती राहिली तर तिला वळणाचा अभाव म्हणणे अन्यायाचे आहे.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

मनःपूर्वक आभार. दोन ठिकाणी अजून अडले आहे. घरी स्पॅनिश बोलणाऱ्या आणि शाळेत इंग्रजी शिकणाऱ्या मुलांसाठी लेखात ‘इमर्जंट बायलिंग्वल’ अशी संज्ञा आहे. आणि तीच आई शेवटी म्हणते, ‘मुलांना वारसा म्हणून मी देऊ शकेन ती एवढी एदुकासिओनच’. इथेही ‘वळण’च घ्यावे का?

उत्तर

पहिल्यासाठी ‘होऊ घातलेले द्विभाषक’ असे सुचवतो. पूर्वी अमेरिकेच्या संघीय कायद्यात या मुलांना ‘मर्यादित इंग्रजी प्रावीण्य असलेले’ म्हणत. 2015 च्या कायद्याने त्यांना ‘इंग्रजी शिकणारे’ म्हटले, आणि 2021 मध्ये टेक्सासने तुमच्या लेखातली संज्ञा स्वीकारली. मुलाला काय येत नाही याऐवजी ते काय होऊ पाहते आहे, हे तीत सांगितलेले आहे आणि ‘होऊ घातलेले’ने तोच अर्थ मराठीत उतरतो.

दुसऱ्या वाक्यात एकटे ‘वळण’ अपुरे पडेल. तिथे आईच्या मनात शाळेची पदवीही आहे आणि उंबरठ्यावर थांबून आजीला ‘आपण कशा आहात’ विचारणारे मूलही आहे. म्हणून दोन्ही शब्द जोडीने लिहावेत: ‘पोरांसाठी मागे ठेवीन ते एवढंच, शिक्षण आणि वळण’. पहिल्या वाक्यासाठी मात्र ‘माझं पोरगं मोठं वळणाचं आहे हो’ पुरेसे आहे.