अडॅप्टरवरचा आकडा आधी वाचा

हार्ड डिस्क यूएसबी हबला (एका पोर्टाचे अनेक पोर्ट करणाऱ्या डबीला) लावली की टकटक वाजून कॉम्प्युटरवरून गायब होते म्हणालात, ते वीज कमी पडल्याचं लक्षण वाटतं. कॉम्प्युटरच्या यूएसबी ३.० पोर्टकडून नियमाने ९०० मिलिअँपिअर वीज मिळते. बिनअडॅप्टरच्या हबवर तेवढ्यातच सगळ्यांनी भागवायचं. चार पोर्टांच्या हबला ५ व्होल्ट, ४ अँपिअरचा अडॅप्टर असेल तर निर्धास्त घ्या. दुकानात गेलात तर हबचं खोकं उघडायला लावा. काही हबना नुसतं अडॅप्टरचं भोक असतं, अडॅप्टर वेगळा विकत! आपली डिस्क सोबत न्या, तिथेच एखादी मोठी फाइल कॉपी करून बघा. वायरलेस माऊसचा रिसीव्हर मात्र हबपासून लांब ठेवा, यूएसबी ३.० मुळे २.४ गिगाहर्ट्झच्या सिग्नलमध्ये व्यत्यय येतो, माऊस अडखळतो.