जुना एफएम ट्यूनर निवडताना नेमके काय पाहावे?

कानपिळ्या :
नमस्कार. घरच्या स्टीरिओ अ‍ॅम्प्लिफायरला जोडण्यासाठी जुना एफएम ट्यूनर घेण्याचा विचार आहे आणि सध्या दोन संच समोर आहेत. पहिला १९७० च्या दशकातला असून त्यात चाक फिरवून काटा केंद्रावर आणावा लागतो. दुसरा त्यानंतर दहाएक वर्षांनी आलेला, आकडे दाखवणारा आणि केंद्रे लक्षात ठेवणारा आहे. माझ्या आवडीचे केंद्र दुबळे आहे आणि त्याच्यापासून अवघ्या ०.४ मेगाहर्ट्झवर एक दमदार केंद्र बसलेले असल्यामुळे साध्या रेडिओवर ते बहुधा दबूनच जाते. या दोहोंपैकी कोणता घ्यावा?

गँग कंडेन्सर :
आपली अडचण निवडक्षमतेची, म्हणजे शेजारचे केंद्र बाजूला सारून हवे तेच पकडण्याची आहे, त्यामुळे काटा की आकडे हा प्रश्न दुय्यम ठरतो. आलेला संकेत ट्यूनरमध्ये १०.७ मेगाहर्ट्झवर उतरवला जातो आणि तिथल्या फिल्टरांची रुंदी किती, यावर शेजाऱ्याला दाराबाहेर ठेवता येईल की नाही हे ठरते. सान्सुई टीयू-७१७ सारख्या काही संचांत ‘वाइड’ आणि ‘नॅरो’ असे बटण असते. नॅरोमध्ये आवाजाची सफाई किंचित उणावते, पण आपले केंद्र मुळात ऐकू येऊ लागते. असे बटण ज्या संचात असेल, तो घ्यावा.

मात्र मॉडेलच्या नावावर भाळू नका. इतक्या वर्षांत कॉइल आणि ट्रिमर (बारीक जुळणीचे छोटे कंडेन्सर) जागचे हललेले असतात, आणि अलाइनमेंट (या भागांची आपसातली जुळणी) बिघडलेल्या नामांकित संचापेक्षा नीट जुळवलेला मध्यम संच केव्हाही बरा. काट्याच्या संचात दोन मीटर (एक संकेताचा जोर दाखवणारा, दुसरा केंद्र बरोबर मध्यावर लागले का ते दाखवणारा) असतील तर ही परीक्षा जागेवरच घेता येते. म्यूटिंग (दुबळे संकेत आणि खरखर गप्प करणारी सोय) बंद करून एखादे स्वच्छ केंद्र लावा आणि संकेताचा मीटर सर्वांत वर जाईल तिथे थांबा. त्याच क्षणी दुसऱ्या मीटरचा काटा बरोबर मध्यावर असला पाहिजे. तो बाजूला राहत असेल, तर अलाइनमेंटचा खर्च मनात धरूनच बोलणी करावीत. (१९६० च्या दशकातल्या मॅरंट्झ १०बी मध्ये याच कामासाठी चक्क छोटा ऑसिलोस्कोप बसवलेला होता, तो पाहण्याचे सुख वेगळेच!)

छपरावरची तार :
वरील मताशी सहमत आहे. फक्त अँटेनाचा विचार ट्यूनरच्या आधी व्हावा. एफएम पट्ट्याच्या मध्यासाठी साध्या डायपोलची (दोन बाजूंना पसरलेल्या तारेच्या अँटेनाची) लांबी सुमारे दीड मीटर भरते, आणि तो कपाटामागे कोंबण्याऐवजी उंचावर बांधला तरी मोठा फरक पडतो. दोन्ही केंद्रे वेगवेगळ्या दिशांना असतील, तर एकाच दिशेचा संकेत जोमाने पकडणारी यागी अँटेना जे काम करील ते कोणताही फिल्टर करू शकणार नाही. ट्यूनरमागे ३०० ओहमचेच स्क्रू असतील आणि आपली केबल ७५ ओहमची असेल, तर मध्ये ‘बालन’ (balun, या दोहोंचा मेळ घालणारा छोटा ट्रान्सफॉर्मर) जोडावा. दुबळ्या केंद्रावर स्टीरिओत खरखर फार वाढते. डाव्या-उजव्या आवाजातला फरक ३८ किलोहर्ट्झच्या उपवाहकावरून (मुख्य संकेतात मिसळलेल्या दुय्यम लहरीवरून) येतो आणि गोंगाट तिथेच अधिक असतो. अशा वेळी मोनोचे बटण दाबण्यात कमीपणा मानू नये.

तिसरा कंडेन्सर :
संच कोणत्या देशासाठी बनला होता, हे मागच्या पट्टीवर अवश्य वाचा. जपानच्या अंतर्गत बाजारातले जुने ट्यूनर ७६ ते ९० मेगाहर्ट्झपर्यंतच जातात आणि १०० व्होल्टवर चालतात. अमेरिकी संचांत डी-एम्फसिस (प्रसारणात मुद्दाम वाढवलेले उंच स्वर परत खाली आणणारी सोय) ७५ मायक्रोसेकंदांचे असते, तर युरोपात आणि जगाच्या बऱ्याच भागांत प्रसारण ५० चे असते. परिणामी अशा प्रसारणावर अमेरिकी संच लावला, तर १० किलोहर्ट्झला सुमारे ३ डेसिबलची घट होते. मी स्वतः महिनाभर स्पीकरच्या ट्वीटरला दोष देत बसलो होतो. शेवटी दोन्ही वाहिन्यांतला एकेक कपॅसिटर दोन तृतीयांश मूल्याचा बसवला आणि झांजेचा आवाज परत आला.

कानपिळ्या :
सर्वांचे आभार. काल काट्याचा संच पाहून आलो. त्यात नॅरोचे बटण आहे. डायलमागचा एक दिवा गेलेला असला, तरी दोन्ही मीटर एकाच ठिकाणी जुळले. नॅरो दाबताच दमदार शेजारी मागे हटला. स्टीरिओचा दिवा मात्र लागला नाही, म्हणून मोनोतच अर्धा तास ऐकत बसलो आणि संच घेऊन आलो. डायपोल आज बांधतो आहे.