कॉप्या बघायला तिकीट कशाला?

पाटीपेन्सिल: न्यूयॉर्कच्या मेट म्युझियममध्ये इजिप्तच्या थडग्यांतली चित्रं बघायला गेलो, तर भिंतीवर कागदी कॉप्या! तिकीट अस्सल, माल नकली.

कडूकारलं: शेजारची पाटी वाचली असतीत तर हा त्रागा वाचला असता. नीना डेव्हिस, त्यांचे पती नॉर्मन आणि सहकारी १९०७ ते १९३७ या काळात थीब्जच्या, म्हणजे आजच्या लक्सरच्या, थडग्यांत बसून ही चित्रं करत होते. मूळ भिंती लक्सरला आहेत, त्या काय उचकटून आणायच्या? मूळ रंग अपारदर्शक, म्हणून नीनाबाई जलरंग सोडून टेम्पेरा हा अपारदर्शक रंग वापरायच्या आणि थरही जुन्या चित्रकाराच्याच क्रमाने चढवायच्या. नख्त नावाच्या जुन्या इजिप्शियन अधिकाऱ्याच्या थडग्यातलं, खुर्चीखालचं मासा खाणारं मांजर बघा. जिथे पोपडा उडालाय, तिथे उडालेला पोपडाच रंगवलाय. फसवायचं असतं तर भोकं कशाला रंगवली असती?

उगाचच: मूळ ते मूळ. नेफरतारी राणीच्या थडग्यात त्या निळ्या, चांदण्यांच्या छताखाली माझा गळा दाटून आला होता. कागदासमोर येईल?

कडूकारलं: ताई, तुमचा गळा दाटतो आणि तुमचा घाम, श्वास भिंतीला लागतो. आधीच मिठाने गिलावा सुटत होता, अमेरिकेतले गेटी संस्थेवाले १९८६ ते १९९२ तो सांभाळत बसले होते. तुतनखामेनच्या दफनकक्षाची तर हुबेहूब प्रतिकृतीच २०१४ मध्ये लक्सरला उभी केली.

लेणीवेडा: कॉपीवाल्यांच्या आरत्या पुरे. अजिंठ्यात काय झालं? १८७२पासून मुंबईच्या जेजे कलाशाळेचे ग्रिफिथ्स आणि जेजेची मुलं कॉप्या करत होती. रंग उठून दिसावेत म्हणून भिंतींना व्हार्निश फासलं, ते पिवळं पडलं. कॉप्यांतल्या बऱ्याच १८८५च्या आगीत लंडनला जळाल्या. त्याआधी मेजर गिलने केलेल्या अजिंठ्याच्या कॉप्या १८६६ला लंडनच्याच क्रिस्टल पॅलेसमध्ये जळाल्या. कॉप्यांची राख झाली, व्हार्निश आमच्या भिंतीवर राहिलं!

खडूफळा: ‘जेजेची मुलं’? चित्रकार पेस्तनजी बोमनजी होते त्यांत! आम्हाला सर फोटोवरून अजिंठ्याचं पद्मपाणीचं चित्र करायला लावायचे. कमळ धरलेली बोटं जरा जाड झाली की कागद टराटरा. पण नजर तयार झाली ती तिथेच.

लेणीवेडा: नजर तुमची तयार होते, भिंत आमची जाते.

खडूफळा: मी फोटोवरून केलं म्हणतोय! भिंतीला बोट तरी लावलं का? वाचा आधी.

कडूकारलं: अहो, धागा इजिप्तचा आहे! आणि अस्सलवाल्यांनो, नख्तच्या थडग्यातली अस्सल मूर्ती न्यूयॉर्कला निघाली होती. १९१५मध्ये जर्मन पाणबुडीने ‘अरेबिक’ जहाज बुडवलं, मूर्ती समुद्रात. चित्रं भिंतीवरच होती म्हणून वाचली.

पाटीपेन्सिल: बरं बाबा, फसवणूक नाही. कागदी मांजर बघायला सातासमुद्रापार गेलो, कृतार्थ झालो. झालं समाधान?

लेणीवेडा: जहाज बुडालं त्याचा व्हार्निशशी काय संबंध? ग्रिफिथ्सबद्दल बोला.